जावाचा संच लिनक्सवर कसा आला

संगणक घेऊन दिला की मुलगा प्रोग्रॅमिंग शिकेल, असा आपल्या पुष्कळ पालकांचा समज असतो. परंतु प्रोग्रॅम लिहावयाचा तर यंत्राखेरीज आणखी एक गोष्ट लागते. लिहिलेला मजकूर यंत्रासाठी तयार करणारा कंपायलर, तो चालविणारी व्यवस्था आणि चुका शोधण्याची साधने एकत्र बांधलेली असतात. त्यास डेव्हलपमेंट किट म्हणतात. आपण संच म्हणू. सुताराची हत्यारांची पेटीच ती! ही पेटी कोणाच्या मालकीची, यावरून जे घडले ते आटगावच्या विद्यार्थ्यानेही जाणून घ्यावे असे आहे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंतून कोणासही वापरता, तपासता, बदलता व वाटता येईल अशी कार्यप्रणाली उभी राहिली.

जावा भाषेचे तसे नव्हते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ती १९९५ मध्ये आणली आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिला संच दिला. संच फुकट होता, पण खुला नव्हता. लिनक्ससाठी तर कंपनीने आरंभी संच काढलाच नाही. ब्लॅकडाउन नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ते काम केले. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांना हा संच आपल्या भांडारात सहज ठेवता येत नसे. विद्यार्थ्याने तो कंपनीकडून उतरवून घ्यावा, योग्य जागी उलगडावा आणि त्याचा ठिकाणा प्रणालीस स्वतः सांगावा. ठिकाणा लिहिताना एक अक्षर चुकले की ‘आज्ञा सापडली नाही’ हे उत्तर ठरलेले!

मे २००६ मध्ये कंपनीने वितरणांना संच वाटण्याची खास परवानगी दिली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला तिने याहून मोठी घोषणा केली : जावा आता जीपीएल या मुक्त परवान्याखाली येणार. २००७ मध्ये ओपनजेडीके हा खुला संच पुढे आला. आपल्या लोकांस हा परवाना वक्फवरून चटकन समजेल. एकदा अर्पण केलेली वस्तू परत घेता येत नाही. तुलना सर्वांगी जुळत नाही (वक्फला मुतवल्ली असतो, येथे तसा कोणी नाही), पण मुख्य गोष्ट तीच.

या दोन देणग्यांमधील फरक लवकरच कळला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. २०११ मध्ये ती खास परवानगी संपली आणि उबुंटूला कंपनीचा संच भांडारातून काढावा लागला. ओपनजेडीके मात्र जागचा हलला नाही. २०१९ पासून जुन्या आठव्या आवृत्तीच्या नव्या सुधारणा धंद्यासाठी वापरावयाच्या तर ओरॅकलने पैसे मागितले. तेव्हाही हा खुला संच विनामूल्यच राहिला.

आज उबुंटूच्या भांडारातून एका आज्ञेने तो बसतो व तसाच काढताही येतो. आठवी, अकरावी, सतरावी, एकविसावी अशा आवृत्त्या एकाच यंत्रावर शेजारी शेजारी राहतात. त्यांपैकी कोणती चालवायची हे ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ या आज्ञेने ठरते. मात्र कंपायलर व चालविणारा भाग यांची निवड वेगवेगळी करावी लागते. नव्या आवृत्तीने तयार केलेला प्रोग्रॅम जुनीवर चालत नाही, आणि विद्यार्थी उगाच स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

शिकविणाऱ्याची उणीव काही अंशी पवईच्या आयआयटीने भरून काढली आहे. तेथील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे चित्रपाठ मराठीतही मिळतात. ते उतरवून ठेवले की नेट नसतानाही पाहता येतात. त्यांतील जावाचे सुरुवातीचे पाठ उबुंटूच्या ११.१० या जुन्या आवृत्तीवर केलेले असून संच सहावा आहे. आजच्या भांडारात सहावा संच मिळत नाही. तेथे महाविद्यालयाने सांगितलेल्या आवृत्तीचा आकडा घालावा, नाही तर एकविसावी घ्यावी.