बलुत्याचा तंटा आणि गिऱ्हाइकाची मुखत्यारी

गावगाड्यात कारागिराला दर कामामागे दाम मोजण्याची रीत नव्हती. वर्षभर केलेल्या कामाबद्दल सुगीच्या वेळी कुणबी जो धान्याचा वाटा देई त्याला बलुते म्हणत आणि तो घेण्याचा वंशपरंपरागत हक्क ज्याच्याकडे असे तो बलुतेदार. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी मानल्या जात, सुतार, लोहार, चांभार व महार बहुधा थोरल्या ओळीत येत, आणि ओळीप्रमाणे वाटा कमी होत जाई. तथापि ओळींची यादी व प्रमाण गावोगाव वेगळे असल्यामुळे वादाला जागा कायमच राही.

हा वाद प्रामुख्याने खळ्यावर उभा राही. फाळ वेळेवर शेवटून मिळाला नाही, म्हणजे त्याची बोथट झालेली धार लोहाराने वेळीच काढून दिली नाही, अशी कुणब्याची तक्रार असली की तो पेंढ्या देताना हात आखडता घेई. उलटपक्षी लोहार पुढल्या हंगामात त्याचे काम मागे टाकी. बलुत्यात काय मोडते हा प्रश्न तर अधिकच नाजूक होता, कारण कोळसा व लोखंड कुणब्याने पुरवायचे, बऱ्याचदा भाताही त्यानेच ओढायचा आणि घडाई तेवढी लोहाराची, अशी वाटणी असे, तर नवी गाडी किंवा घराचे लाकूडकाम यांसारख्या मोठ्या कामांचा मोबदला सुताराला निराळा द्यावा लागे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्रिंबक नारायण आत्रे यांनी या व्यवस्थेची कठोर चिकित्सा केली आहे.

या सर्व तंट्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे मोबदला जड वाटला तरी कुणब्याला दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक नव्हती. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण गावजोशाचे आहे. जोशीपण हे वतन, म्हणजे वारशाने चालणारा हक्क, असल्यामुळे यजमानाने धर्मकृत्य दुसऱ्याकडून करून घेतले तरी गावजोशी आपल्या दक्षिणेसाठी त्याच्यावर दावा लावू शके, आणि इंग्रजी अमलातील न्यायालयांनीही असे हक्क मालमत्तेसारखे मानले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायांनी भटाविना लग्ने लावण्यास सुरुवात केल्यावर या हक्कालाच आव्हान मिळाले आणि जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील लग्नांवरून झालेला वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि १९२६ च्या कायद्याने, ज्याला कृत्यासाठी बोलावलेच नाही त्याचा दक्षिणेवरील दावा संपुष्टात आणला.

वतनाची सक्ती सेवा करणाऱ्यावरही तितकीच होती, किंबहुना महारांच्या बाबतीत ती कितीतरी अधिक जाचक होती, कारण तुटपुंजे बलुते व इनाम जमिनीचा तुकडा यांच्या बदल्यात गावाने व सरकारने सांगितलेले कोणतेही काम त्यांना नाकारता येत नसे आणि अस्पृश्यतेमुळे दाद मागण्याची वाटही जवळजवळ बंद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून या सक्तीवर बोट ठेवले. कनिष्ठ गावकामगारांची वतने मात्र १९५८ च्या कायद्यानेच रद्द झाली.

यावरून असे दिसते की, जोवर एका बाजूला नकार देता येत नाही तोवर मोबदल्याविषयीची हरकत केवळ कुरबुर ठरते व तिचा निकाल रूढी, दंडेली किंवा न्यायालय लावते. यजमानाला दुसरा जोशी निवडता येऊ लागला तेव्हाच आपले काम त्या दामाच्या योग्यतेचे आहे हे पटवून देण्याची जबाबदारी सेवा करणाऱ्यावर आली, आणि सेवा करणाऱ्याला काम नाकारता येऊ लागले तेव्हाच त्याने सांगितलेल्या दराला खऱ्या अर्थाने वजन आले.