मादक द्रव्यसेवनाचे स्वनिवेदन

बेकायदेशीर मादक द्रव्यांच्या सेवनासंबंधी व्यक्तीने संशोधकास स्वतःविषयी दिलेली माहिती म्हणजे स्वनिवेदन. चोरून चालणाऱ्या या व्यवहाराची विक्रीच्या नोंदींवरून मोजदाद करता येत नाही. त्यामुळे व्यसनाच्या प्रसाराचे बहुतेक आकडे अशा निवेदनांवरच आधारलेले असतात. व्यसनी माणूस खोटेच बोलतो, असा समज वैद्यकात व पोलिसांतही दीर्घकाळ रूढ होता. जॉन बॉल यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्वेर्त रीकोतील ५९ व्यसनींच्या मुलाखती इतर नोंदींशी व मूत्रपरीक्षेशी ताडून पाहिल्या. त्या बव्हंशी खऱ्या निघाल्या.

या प्रश्नाची खरी कसोटी व्हिएटनाम युद्धामुळे लागली. तेथील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे सेवन फैलावल्याचे उघड झाल्यावर १९७१ च्या जूनपासून मायदेशी निघणाऱ्या प्रत्येक सैनिकाची मूत्रपरीक्षा होऊ लागली. सेंट लूइस येथील समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी त्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये परतलेल्या सुमारे ९०० सैनिकांच्या मुलाखती १९७२ मध्ये घेतल्या. ज्यांच्या मूत्रात अंश आढळल्याची लष्करी नोंद होती, त्यांतील जवळजवळ सर्वांनी सेवन कबूल केले. एवढेच नव्हे, तर प्रस्थानसमयी मूत्रपरीक्षेत सुमारे १०·५ टक्केच सैनिक सापडले असताना, व्हिएटनाममध्ये आपण व्यसनाधीन होतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. म्हणजे येथे प्रयोगशाळेपेक्षा माणसांनीच अधिक सांगितले. हेरॉइनचे अंश मूत्रात दोन-तीन दिवसच टिकतात. परीक्षेची पूर्वकल्पना असल्याने अनेकांनी आधीच सेवन थांबविले होते.

या आकड्यांवर बरेच काही अवलंबून होते. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के व तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले, असा रॉबिन्स यांचा निष्कर्ष होता. हेरॉइनचे व्यसन सुटत नाही या धारणेस त्याने धक्का दिला. सैनिकांनी परतल्यानंतरचे सेवन लपविले असते, तर हा निष्कर्षच कोसळला असता. म्हणून मुलाखतीच्या अखेरीस मूत्राचा नमुनाही मागण्यात आला. त्यानेही निवेदनांस दुजोरा दिला. तरीही अनेक तज्ञांना हे पटले नाही. त्यांचा अविश्वास पुराव्यापेक्षा जुन्या समजुतीतून आलेला दिसतो.

याउलट चित्र अटक झालेल्यांत आढळले. १९८७ पासून अमेरिकेतील अनेक शहरांत, कोठडीत असलेल्या आरोपींना ऐच्छिक व निनावी मुलाखत देण्यास सांगून त्यांची मूत्रपरीक्षाही करण्यात येई. कोकेनचे अंश सापडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच ताज्या सेवनाची कबुली दिली. गुप्ततेचे आश्वासन दोन्हीकडे होते. परंतु घरी परतलेला सैनिक आणि कोठडीतील आरोपी यांनी त्यावर सारखाच विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अवास्तव होय. द्रव्यानुसारही फरक पडतो : गांजाची कबुली सहज मिळते, कोकेन वा हेरॉइनची तितकी नाही.

हे भय कमी करण्याचे उपाय निघाले. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यादृच्छिक उत्तरपद्धती मांडली. तीत उत्तरदाता कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे हे चक्रीसारख्या साधनाने ठरते व मुलाखतकारास ते कळत नाही. समूहाचे प्रमाण मात्र गणिताने काढता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय गृहसर्वेक्षणात १९९९ पासून उत्तरे संगणकावर खाजगीत नोंदविली जाऊ लागली. अतिरंजित निवेदन ओळखण्यासाठी यूरोपातील शालेय सर्वेक्षणात अस्तित्वातच नसलेल्या एका द्रव्याचे नाव घातले जाते, व ते घेतल्याचे सांगणारी थोडी मुले सापडतातही. केसांच्या परीक्षेने कित्येक महिन्यांचे सेवन कळते, पण काळ्या केसांत अंश अधिक साठतात व बाहेरूनही चिकटतात; तेव्हा तीही निर्दोष नव्हे.

भारतात २०१८ मध्ये झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गृहभेटींच्या जोडीला, एका व्यसनीमार्फत दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची साखळीपद्धती वापरण्यात आली. कारण घराच्या उंबऱ्यावर, कुटुंबीयांच्या देखत, हेरॉइनविषयीच्या प्रश्नास खरे उत्तर मिळणे कठीण असते.