तळटीप : भाऊसाहेब निंबाळकर

भाऊसाहेब निंबाळकर (1919–2012), मूळचे कोल्हापूरचे. मजकुरात त्यांना ‘दुय्यम खेळाडू’ म्हटले आहे. कसोटी न खेळणे एवढाच त्याला आधार दिसतो, आणि तो पुरेसा नाही. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनचा नाबाद 452 चा तेव्हाचा विक्रम गाठायला नऊ धावा हव्या होत्या आणि महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, विश्रांतीत म्हणाले, डाव घोषित करा. ते होईना, तेव्हा त्यांचा संघ सामान आवरून चालता झाला! काठियावाडची गोलंदाजी लेचीपेची होती, हा आक्षेप रास्तच. पण पाव शतक प्रथम श्रेणी खेळून सरासरी 48 च्या आसपास राहते, ती एका दुबळ्या संघाच्या जिवावर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान गावामुळे कसोटी हुकली म्हणावे, तर सांगलीचे विजय हजारे भारताचे कर्णधार झालेच ना? झाले, पण त्यांना बडोद्याचा भक्कम आश्रय होता, शिवाय पंचरंगी (धर्मनिहाय संघांच्या) सामन्यांत मुंबईच्या डोळ्यांसमोर 309 धावा काढण्याची संधीही. निंबाळकर मात्र बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे असे संघ बदलत राहिले. पॉली उम्रीगरही जन्मले सोलापुरात, 1926 साली. घडले मुंबईत, आणि 59 कसोट्या खेळले. गुणवत्ता त्यांच्यात होतीच, पण सोलापूरच्या मैदानावर ती कोणी पाहिली असती, हा प्रश्न उरतो. तेव्हा ‘दुय्यम’ हे विशेषण निवडीच्या व्यवस्थेला लावावे, निंबाळकरांना नव्हे.