दाढेतली चांदी

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात पन्नाशी उलटलेल्या माणसाने मोठी जांभई दिली, की मागच्या दाढेत एखादा करडा ठिपका दिसण्याचा संभव असतो. मराठी माणूस म्हणतो, 'दाढेत चांदी भरली'. शेजारचा हिंदीभाषक म्हणतो, 'चाँदी भरवाई'. दोन्ही भाषांचे येथे एकमत आहे, आणि दोन्ही अर्धेच सांगतात. त्या ठिपक्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. तो नावातून कसा गळाला, हे पाहण्यासारखे आहे.

आमच्या घरची ही चांदी नागपूरची. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मध्यप्रदेशाची राजधानीच नागपूर होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. दुखणारी दाढ मात्र नागपूरकडेच जात राहिली. पांढुर्ण्याहून इटारसी-नागपूर मार्गाने, सौंसरहून २०१५ पर्यंत नॅरोगेजने. १९६८ मध्ये नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय निघाले. २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, तरी वाट तीच आहे.

एम.ए.ला नागपुरात असताना माझीही एक दाढ भरली गेली. तोंड उघडे, बोलता येत नाही. तेव्हा पाहण्याशिवाय दुसरे काम नव्हते. किडलेला भाग कोरल्यावर डॉक्टरीणबाई खड्डा आतून अधिकच रुंद करीत होत्या. कारण पुढे कळले. हे मिश्रण दाताला चिकटत नाही. तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, आपल्याकडच्या धान्याच्या पेवासारखा खड्डा असेल तरच घट्ट झालेला गोळा निसटत नाही. चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूचा कीस पाऱ्याबरोबर छोट्या खलात घोटला, फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढला. मग थोडा थोडा लगदा खड्ड्यात घालून जोराने ठासणे सुरू झाले. ठासताना पारा वर येतो, तो काढून टाकायचा. आत पोकळी राहिली तर भरण कच्चे. थुंकी लागू द्यायची नाही, कारण मिश्रणात जस्त असेल तर ओल लागून ते नंतर फुगते. आणि हे सारे काही मिनिटांत!

खरे कसब पुढेच. लगदा कडक होण्याआधी दाढेचे मूळचे उंचवटे आणि खाचा कोरून काढायच्या, रंगीत कागद चावायला देऊन कोठे उंच लागते ते पाहायचे, कडा दाताशी समतल करायच्या. त्या बाजूने दिवसभर चावू नका, असे बजावून दुसऱ्या दिवशी घासून चकाकी आणण्यासाठी पुन्हा बोलावले. ही फेरी पुष्कळ जण टाळीत. एका चकाकीसाठी पुन्हा गाडीभाडे कोण देणार? पण खडबडीत भरणावर अन्न साचते आणि कडेने कीड परत शिरते.

चांदी-पाऱ्याचा हा लेप जुना आहे. चीनमधल्या इ.स. ६५९ च्या औषधिग्रंथात त्याचा उल्लेख सांगतात. युरोपात १८२६ च्या सुमारास पॅरिसच्या तावो याने चांदीची नाणी किसून पाऱ्यात कालवली. हे भरण फुगे आणि कधी दातच तडके. १८३३ मध्ये क्रॉकोर बंधूंनी ते न्यूयॉर्कला नेले, कीड न काढताच दात भरू लागले, आणि मालाला नाव दिले 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम', म्हणजे सोन्याऐवजी वापरायचे शाही खनिज. पाऱ्याचे नाव तेव्हाच लपले! सोने भरणारे दंतवैद्य खवळले. अमेरिकेतल्या त्यांच्या संस्थेने १८४५ मध्ये पारा न वापरण्याची शपथ सभासदांवर लादली. त्या भांडणात संस्थाच १८५६ मध्ये मोडली. माझ्या मते रागाचे कारण निम्मे पारा आणि निम्मे पोट होते. शेवटी १८९५ मध्ये जी. व्ही. ब्लॅक यांनी प्रयोग करून मिश्रधातूचे प्रमाण बसवले. त्यात सुमारे दोन-तृतीयांश चांदी आणि पाव भागाहून थोडे अधिक कथील होते. तेव्हापासून गरिबालाही परवडणारे, वर्षानुवर्षे टिकणारे भरण मिळाले.

आता ते निरोप घेत आहे, आणि कारण पाराच आहे. ज्या १९५६ साली आमची सीमा आखली गेली, त्याच साली जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन होणारा रोग प्रथम नोंदला गेला. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. युरोपीय संघाने २०२५ पासून हे भरण जवळजवळ बंद केले, आणि २०३४ पर्यंत जगभर ते थांबवण्याचे करारातल्या देशांनी ठरवले आहे.

यामुळे घाबरून कोणी चांगली भरलेली दाढ उकरून घेऊ नये. पाऱ्याची वाफ उकरतानाच अधिक निघते, आणि सोबत दाताचा चांगला भागही जातो. भरण हलले, फुटले किंवा कडेने कीड दिसली तरच ते काढावे. आणि निघालेला तुकडा डॉक्टरांकडेच द्यावा, घरच्या मोरीत टाकू नये.