रोह्यापर्यंतचे रूळ

पेण-रोह्याला विमानतळ नाही, म्हणून हा मुलूख मागे राहिला असे सर्रास बोलले जाते. इतिहास पाहिला तर अडचण वेगळीच दिसते. इथली जुनी दारे पाण्याच्या बाजूला होती. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरातून धरमतरच्या खाडीकडे निघे, तर रोह्याची कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. वेळापत्रक भरती-ओहोटीचे होते, आणि तरी मुंबई जवळ होती. रेल्वेने मात्र फार वाट पाहायला लावली. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. रोह्याला रूळ पोचले ते १९८६ मध्ये. एकशे तेहतीस वर्षे! पुढे १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा मार्ग रोह्यापासूनच सुरू झाला. १९९८ च्या जानेवारीत तो मंगळूरपर्यंत सलग खुला झाला.

यावर कोणी म्हणेल, लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबतच नाहीत, मग रुळांचा उपयोग काय? तक्रार खरी आहे, पण ती रुळांविरुद्ध नसून थांब्यांविषयी आहे. दुसरा आक्षेप असा की २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, आता रेल्वेचे काय अडले? तो विमानतळ पनवेलजवळ आहे, आणि पेण-रोह्याचे रूळ पनवेलवरूनच येतात. माझ्या मते या दोन तालुक्यांना विमानतळ किती जवळचा, हे धावपट्टीच्या लांबीवर ठरणार नाही. ते पनवेल-रोहा मार्गावर दिवसाला किती गाड्या धावतात यावर ठरेल.