एका फाइलीचे अनेक धनी

१/ लिनक्स संगणकावर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ नावाची एक छोटी फाइल असते. संकेतस्थळाच्या नावामागचा अंकी पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारावा, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. या दोन-चार ओळींच्या मालकीवरून वर्षानुवर्षे चाललेल्या कलहाचा हा इतिहास.

२/ पूर्वी अर्पानेटवरील यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील एसआरआय ही संस्था सांभाळत असे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात ती युनिक्सवर उतरली. ही फाइल त्याच बीएसडी परंपरेतली.

३/ तेव्हाचे संगणक जागचे हलत नसत. व्यवस्थापक एकदा फाइल लिही आणि ती तशीच राही. लेखक एकच, म्हणून कोणती ओळ कोणाच्या अधिकाराने आली, हे नोंदवण्याची सोय तिच्यात नव्हती.

४/ १९९३ साली डीएचसीपीचे मानक आले. डीएनएस सर्व्हर कोणता, हे आता नेटवर्कच सांगू लागले. डायलअप, व्हीपीएन आणि २००४ मध्ये आलेला नेटवर्कमॅनेजर यांनीही तीच फाइल लिहायला घेतली. जो शेवटी लिहील, त्याचे खरे!

५/ परिणाम गंभीर होते. जोडणी शाबूत, पण एकही नाव उलगडेना. कधी कार्यालयाची खासगी नावे बाहेरच्या सर्व्हरला विचारली जात. ‘हे नाव या सर्व्हरला, ते त्याला’ असे सांगणे या फाइलीला जमतच नव्हते. त्रासलेले व्यवस्थापक ‘चॅटर’ आज्ञेने फाइल गोठवून टाकत.

६/ मग मध्यस्थ आले : डेबियनमधील ‘रिझॉल्व्हकॉन्फ’, नंतर ‘ओपनरिझॉल्व्ह’. सर्वांनी माहिती मध्यस्थाकडे द्यावी, लेखणी त्याच्याच हाती असावी. पण एकानेही हा करार मोडला, की पुन्हा तंटा.

७/ ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ने वेगळी वाट धरली. फाइलीत फक्त १२७.०.०.५३, म्हणजे स्वतःच्याच यंत्राचा पत्ता. खरा हिशेब आतल्या सेवेकडे. फेडोराने २०२० साली ही पद्धत मूळ मांडणीत स्वीकारली. फाइल उघडून सर्व काही कळण्याची जुनी सोय मात्र गेली.

८/ फाइल अजून आहे, कारण असंख्य प्रोग्राम आजही तीच वाचतात. आपल्या संगणकावर ती उघडून पाहा. ती कोणी लिहिली, हे बहुधा पहिल्याच ओळींतील टिपेत आढळेल. शिलालेखावरून राजवट ओळखावी, तसा तिच्यावरून सध्याचा धनी ओळखता येतो.