जोर, बल आणि शक्ती : कागलच्या शाळेतले पदार्थविज्ञान

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुसरे प्रकरण 'कार्य आणि ऊर्जा' हे आहे. त्यात शक्तीची व्याख्या येते, आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हेही येते. कागलच्या आसपास ज्याच्या घरी विहीर आहे अशा मुलाला 'पाच एचपीची मोटर' हे शब्द बाराखडीच्या आधी ठाऊक असतात. मोटर जळली की घरात काय होते, रीवाइंडिंगला किती दिवस लागतात, तोवर उसाचे काय, सगळे त्याला माहीत असते. पण मळ्यातली ती एचपी आणि पुस्तकातली शक्ती एकच आहे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. बहुधा ते कोणी सांगत नाही.

मी सातवी, आठवी आणि नववी कागलात शिकलो. पुढे जुनी क्रमिक पुस्तके गोळा करण्याचा नाद लागला, आणि ती चाळताना लक्षात आले की या तीन इयत्तांतल्या पदार्थविज्ञानाचा इतिहास हा बराचसा शब्दांचा इतिहास आहे. प्रयोग फारसे बदललेले नाहीत. दोरी, कप्पी, भिंग, लोहचुंबक, काचेची चीप सगळे तेच. बदलत गेली ती भाषा, आणि तीही दर पिढीला.

याची सुरुवात बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य विद्या मराठीतून शिकवण्याचा खरा प्रयत्न चालू होता. जार्व्हिससाहेब त्या बाजूचे, तर शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. १८४७ च्या सुमारास हा वाद ऐन भरात होता आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषेची बाजू घेतली होती. निकाल हळूहळू पेरींच्या बाजूने लागला. खालचे शिक्षण मराठीत आणि वरचे इंग्रजीत, अशी वाटणी झाली. पदार्थविज्ञान वरच्या मजल्यावर गेले.

तरीही कोल्हापुरात एक माणूस तो मजला खाली आणू पाहत होता. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) हे राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवत. कॉलेजची भाषा इंग्रजी, पण मोडकांनी पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांवर मराठीत पुस्तकामागून पुस्तक लिहिले. त्यांनीच कोल्हापूर प्रांताचा इतिहासही लिहिला. इतिहासाच्या अभ्यासकांना ते आठवतात, विज्ञानाच्या शिक्षकांना क्वचितच. ज्या वर्गाला त्यांच्या मराठीचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, तो मराठीतून पदार्थविज्ञान शिकणारा शालेय वर्ग तेव्हा फार थोडा होता. पुस्तके आधी आली, विद्यार्थी नंतर.

विद्यार्थी यायला शाहू महाराजांची वाट पाहावी लागली. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या आणि १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या या राजाने १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पहिली शाळा १९१८ च्या मार्चमध्ये करवीर तालुक्यातल्या चिखलीत निघाली. पण सक्ती प्राथमिकपुरतीच होती. पुढचा जिना ज्याचा त्याने चढायचा. मराठी सातवी म्हणजे 'फायनल' झालेला मुलगा मास्तर किंवा तलाठी व्हायचा. बल आणि वेग यांच्याशी त्याची गाठ पडायची ती इंग्रजी शाळेत गेला तरच.

त्या जिन्यावर एका कागलकर मुलाची काय ससेहोलपट झाली, ते आनंद यादवांनी 'झोंबी'त (१९८७) लिहून ठेवले आहे. ते १९३५ चे. म्हणजे त्यांचे हायस्कूलचे वय आणि कोल्हापूर संस्थानाचे १ मार्च १९४९ चे विलीनीकरण साधारण एकाच वेळचे. त्याच वर्षी मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी.ची पहिली परीक्षा झाली. हायस्कुलांतून मराठी माध्यम याच काळात पक्के होत गेले. 'झोंबी' हे मळा आणि शाळा यांच्यातल्या ओढाताणीचे पुस्तक म्हणून वाचले जाते, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोटेमागे उभे राहणारे पोर शाळेच्या प्रयोगशाळेपेक्षा मोठ्या प्रयोगशाळेत उभे असते.

मोटेचीच गोष्ट घ्या. विहिरीच्या काठापासून मागे जाणारी धाव उताराची असते. बैल मोट ओढतात तेव्हा ते उतरणीला चालतात, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजन ओढायच्या कामी येते. रिकामी मोट खाली सोडताना ते चढ चढतात. चाकावरून नाडा फिरतो आणि ओढीची दिशा बदलतो. उतरण, कप्पी, घर्षण, दिशा बदललेले बल, सगळे एका खेपेत. हे ज्याने बांधले त्याने न्यूटन वाचला नव्हता.

पण इथे भाबडेपणाही नको. मोट हाकणाऱ्याजवळ या सगळ्याला शब्द होता एक : जोर. फार तर ताकद. बैलाने लावलेला जोर, दिवसभर हाकून खर्ची पडलेला जोर आणि जास्त चपळ जोडीचा जोर, या त्याच्या बोलण्यात एकच. शास्त्राला तीन वेगळे शब्द हवेत : बल, ऊर्जा आणि शक्ती. हा भेद बोलीत नव्हता, म्हणून परिभाषा लागली. ती लादलेली नव्हे, लागलेली.

प्रश्न शब्द कोणते निवडले हा आहे, आणि इथे परिभाषाकारांना मी अर्धेच गुण देतो. 'कार्य' हा शब्द मला नामी वाटतो. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन सपाट वाटेने घरी येणारी बाई गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य करते, असे शास्त्र सांगते. इंग्रजीत घाम गाळण्याला आणि शास्त्रातल्या राशीला एकच शब्द आहे, त्यामुळे तिथल्या मुलाला हे वाक्य आईचा अपमान वाटू शकते. मराठीत 'काम' आणि 'कार्य' वेगळे. बाईने काम केले, कार्य शून्य झाले, असे सरळ म्हणता येते. कागलात कार्य म्हणजे लग्नकार्य, हे खरे. पण मुले तेवढे समजून घेतात.

'शक्ती'चे मात्र जमले नाही. देवीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जो शब्द सगळीकडे ताकदीच्या अर्थाने चालतो, त्याला दर सेकंदाच्या हिशेबात बसवायचे म्हणजे दरवर्षी नव्या वर्गाशी तोच वाद. बलाची कथा आणखी निराळी. १९७६ पासून निघू लागलेल्या मराठी विश्वकोशात त्याला 'प्रेरणा' म्हटले आहे. शाळेतल्या मुलाला प्रेरणा माहीत असते ती बक्षीस समारंभाच्या भाषणातली. विश्वकोशातली 'निरूढी' शाळेत 'जडत्व' आहे, 'प्रवेग' शाळेत 'त्वरण' आहे. पाण्यात काठी मोडल्यासारखी दिसते त्याला आमचे सर 'वक्रीभवन' म्हणत, विश्वकोश 'प्रणमन' म्हणतो आणि आजचे पुस्तक 'अपवर्तन'. वक्रीभवन बदलायला कारण होते. किरण वक्र होत नाही, पृष्ठभागावर दिशा बदलून पुन्हा सरळच जातो. (शिवाय वक्री म्हटले की शनी आठवतो.) पण अपवर्तन हा शब्द कानाला काहीच सांगत नाही.

याचा परिणाम परीक्षेपेक्षा घरात जास्त झाला. एकाच घरात बापाने वक्रीभवन पाठ केले आणि मुलाने अपवर्तन. बापाला वाटते आपल्याला हे येत नाही, मुलाला वाटते यांना काय विचारायचे. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, गणित-विज्ञान दहावीपर्यंत सर्वांना हे कोठारी आयोगाचे सूत्र गावोगाव पोहोचले. इतक्या मोठ्या संख्येने शेतकऱ्यांची मुले पदार्थविज्ञानाच्या दारात याआधी कधीच आली नव्हती. नेमक्या त्याच काळात शब्द हलते होते. मापेही हलती होती. फूट-पौंड मेट्रिक पद्धतीत बदलले आणि मण-शेराला किलो आला. एचपी तेवढी टिकली, कारण पंप त्याच मापाने विकला जातो.

आता बऱ्याच शाळांत या इयत्तांचा वर्ग सेमी इंग्रजी असतो. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पेरींचा वरचा मजला पुन्हा बांधला गेला, या वेळी पालकांच्या आग्रहाने. त्यांना दोष देणे मला जमत नाही. बारावीनंतर मराठी शब्द कुठेच उपयोगी पडत नसतील, तर ते पोराने का वाहावेत? पण सातवीच्या 'गती, बल व कार्य' या धड्यावर जेमतेम उभे राहिलेले पोर मध्येच 'फोर्स'वर येते, तेव्हा त्याच्याजवळ एकाच गोष्टीची तीन नावे जमतात : घरचा जोर, सातवीचे बल आणि इंग्रजी पुस्तकातला फोर्स. तिन्ही एकच आहेत हे सांगण्याचा तास वेळापत्रकात नाही.

तो तास कसा असू शकेल याचा नमुना मी नववीच्या मुलांसमोर ठेवतो तो एका गणिताचा. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. विहीर वीस मीटर खोल धरा. एक लिटर पाणी वीस मीटर वर आणायला सुमारे १९६ ज्यूल कार्य लागते. ३७३० ला १९६ ने भागले की दर सेकंदाला एकोणीस लिटर. मग मुलांना सांगतो, घरी जा, पाइपाखाली बादली धरा, घड्याळ लावा. उत्तर कधीच एकोणीस येत नाही, बरेच कमी येते. उरलेले पाणी कुठे गेले, यावर दुसऱ्या दिवशी जो गलका होतो, त्यात पंपाचा पंखा, पाइपातले घर्षण, फुटव्हॉल्व्हची गळती, कमी दाबाची वीज असे सगळे येते. त्यातले निम्मे मुलांनी घरी विचारून आणलेले असते.